मायबाप सरकार, तेवढं आमचं पोर सांभाळा!

सन्माननीय बंदीबहाद्दर पालक यांसी,



आपलं निवेदन वाचलं. काल संध्याकाळी आपले दोन कार्यकर्ते सह्यांचा कागद आणि पेन घेऊन दारात आले होते. ‘लहान मुलांवर वाईट परिणाम करणाऱ्या सर्व वेबसाइट, अ‍ॅप व गेम यांवर शासनाने तातडीने सरसकट बंदी घालावी’ ही एका वाक्याची मागणी आणि खाली सोसायटीतल्या झाडून सगळ्या आईबापांच्या सह्या. ‘सरसकट’खाली लाल रेघ. वाचून ऊर भरून आला. आपल्या पोटच्या पोराची काळजी मंत्रालयाने घ्यावी, अशी विनंती इतक्या शुद्ध मराठीत आणि इतक्या निर्मळ मनाने आजवर कुणी केली नसेल.

मी सही केली नाही. का केली नाही, हे ऐकून घ्यायला त्या मुलांना वेळ नव्हता. त्यांची सी विंग राहिली होती. म्हणून हे पत्र. अनावृत अशासाठी, की आपल्यासारखे आपण एकटेच नाही. बिल्डिंगमागे एक तरी बंदीबहाद्दर निघतोच.

आपल्या निवेदनात गुन्हेगार आधीच ठरलेला आहे: इंटरनेट. माझ्या आरोपपत्रात मात्र पहिलं नाव आपलं आहे. रागावू नका, पुरावे देतो.

पुरावा पहिला. आपल्या धाकट्या कन्येचं जेवण पाहण्याचा योग मला आला आहे. तांब्याला फोन टेकवलेला असतो, त्यात एक कार्टूनची गाय पापण्या फडफडवत नाचत असते आणि वहिनी वरणभाताचा घास हातात धरून संधीची वाट बघत असतात. गाणं चालू असलं की पोरीचं तोंड उघडतं, जाहिरात लागली की मिटतं. ती जाहिरात घालवायला पोरीचंच बोट पुढे होतं, कारण वहिनींचा हात खरकटा. पोरगी अजून धड ‘आजी’ म्हणत नाही, पण पुढचा व्हिडिओ कुठे दाबून येतो हे तिला पक्कं ठाऊक आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नका, फार तर मामाशी-मावशीशी व्हिडिओ कॉल होऊ द्या, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराच्या वर नको, असं इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये साधारण हेच सांगितलं. पण ती सगळी डॉक्टर मंडळी. आपल्याकडे ‘खाल्लं तर पाहिजे ना!’ हा बिनतोड मुद्दा आहे.

त्या वेळी आपण स्वतः कुठे असता? टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. ‘मुलं मोबाइलच्या आहारी, पालकांनो सावधान!’ हा मेसेज अकरा ग्रुपांवर पुढे ढकलत.

पुरावा दुसरा, आपले चिरंजीव. इयत्ता सातवी. इन्स्टाग्रामवर तेरा वर्षांखाली खातं उघडता येत नाही, हा त्या कंपनीचाच नियम. सातवीतल्या पोराने जन्मतारीख खोटी टाकली असती तर मी त्याचं वय बघून सोडून दिलं असतं. पण वर्ष कोणतं टाकायचं, हे आपण सुचवलंत. ‘दोन हजार एक टाक, कोण बघतंय!’ कागदोपत्री आपल्या चिरंजिवांचं लग्नाचं वय केव्हाच उलटून गेलं आहे. मग त्या बिचाऱ्या अल्गोरिदमने काय करावं? समोर विशीपार झालेला बाप्या बसला आहे असं आपणच लिहून दिलंत, म्हणून तो बाप्याला दाखवायचं ते दाखवतो. आणि आता तक्रार अशी, की मुलाला मोठ्यांचं दिसतं!

पुरावा तिसरा जरा सरकारी आहे. २०२१ च्या आयटी नियमांनी ओटीटीवाल्यांना बजावलं, की मालिका-सिनेमांवर वय लिहा, तेरा वर्षांवरच्या सगळ्याला पालकांसाठी कुलूप द्या आणि निव्वळ प्रौढांसाठी जे असेल तिथे वयाची खातरजमा करा. म्हणजे सरकारने आपल्या हातात किल्ली दिली. आपल्या घरच्या टीव्हीवरच्या त्या कुलपाचा पिन १२३४ आहे. हे मला कसं कळलं? चिरंजिवांनीच सांगितलं. पप्पांना जमत नव्हतं म्हणून पिन त्यांनीच टाकून दिला होता.

आता आपल्या आवडत्या उपायाकडे वळू. बंदी. आपल्याला वाटत असेल, ही कल्पना आजवर कुणाला सुचलीच नव्हती. दिल्लीच्या कानावर घालू या, म्हणजे झालं. साहेब, दिल्लीने हे करून पाहिलं आहे, पुन्हा पुन्हा.

२०१३ मध्ये इंदूरच्या एका वकिलांनी अश्लील संकेतस्थळांवर बंदी मागत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जुलै २०१५ मध्ये तिच्या सुनावणीत सरन्यायाधीश एच. एल. दत्तू यांनी अडचणीचा सवाल केला: सज्ञान माणूस आपल्या घराच्या चार भिंतींत काय पाहतो, ते न्यायालयाने थांबवायचं कसं? त्याच महिन्याच्या ३१ तारखेला दूरसंचार खात्याने ८५७ संकेतस्थळं बंद करण्याचा हुकूम काढला. त्या यादीत निव्वळ विनोदाची साइटही होती. देशभर आरडाओरडा झाला आणि चार-पाच दिवसांत सरकारने हुकूम सैल केला: ज्यांवर बालकांचं लैंगिक शोषण दाखवणारं काही नाही, ती चालू ठेवली तरी हरकत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या म्हणाल्या, हे आम्ही कसं ओळखायचं? त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं.

सप्टेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने तीच यादी पुन्हा बाहेर काढायला लावली. मंत्रालयाने ती तपासली, तर ८५७ पैकी ३० ठिकाणी अश्लील असं काहीच सापडेना. उरली ८२७, ती बंद झाली. त्यातल्या एका बड्या दुकानदाराने पत्त्याची शेपटी तेवढी बदलली आणि लगेच दुकान उघडलं. म्हणजे सरकारचीच यादी, आणि तिच्यात तीस नावं निष्पाप. आपल्या ‘सरसकट’मध्ये किती निष्पाप सापडतील याचा अंदाज करा. लाल रेघ मारण्याआधी केलात तर बरं.

टिकटॉकचं तर आपल्याला आठवतच असेल, कारण आपण त्यावर खलनायकाचे संवाद म्हणायचात. मद्रास उच्च न्यायालयाने मुलांच्याच काळजीने एप्रिल २०१९ मध्ये ते बंद करायला सांगितलं, तीन आठवड्यांत बंदी उठली. मग २९ जून २०२० ला सरकारने चिनी म्हणून ५९ अ‍ॅप बंद केली, त्यात टिकटॉक कायमचं गेलं. आईबापांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणली. म्हणजे उणापुरा दीड आठवडा देशातली मुलं सुधारलेली होती. पब्जी सप्टेंबर २०२० मध्ये गेलं, २०२१ मध्ये नवं नाव लावून परतलं, २०२२ मध्ये पुन्हा गेलं, २०२३ मध्ये पुन्हा आलं. या सगळ्या ये-जामध्ये एकही पोर मैदानात खेळायला आलेलं मी पाहिलं नाही. मैदानच नाही म्हणा. तिथे आपण सोसायटीच्या सभेत पार्किंग मंजूर करून घेतलंत.

आपण म्हणाल, बंदीने फायदा झाला नसेल, तोटा तरी काय? तोटा असा, की पोरासाठी मागितलेलं कुलूप पोराला लागतच नाही, लागतं ते थोरांना.

उदाहरण लांबचं नाही, पालघरचं आहे. ऑनलाइन छळ रोखायला म्हणून आयटी कायद्यात ६६अ हे कलम आलं. ‘त्रासदायक’ मजकूर लिहिणाऱ्याला तुरुंग! नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असं एका मुलीने फेसबुकवर विचारलं आणि तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोडही झाली. लक्षात घ्या, त्याही कुणाच्या तरी मुली होत्या. इंटरनेटवरच्या वाइटापासून मुलींना वाचवायच्या कायद्याने त्या दोघींना पोलीस ठाण्यात नेलं. मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं, तेव्हा कुठे सुटलो.

त्याच कायद्याचं ६९अ कलम मात्र शाबूत आहे. त्याखाली सरकार संकेतस्थळ बंद करू शकतं, आणि २००९ च्या नियमांप्रमाणे तक्रार कुणाची, कारवाई काय, हे सगळं गोपनीय. त्या कलमात कारणं दिली आहेत: सार्वभौमत्व, संरक्षण, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था. ‘सातवीतल्या मुलाच्या बापाला वेळ नाही’ हे कारण मला त्यात सापडलं नाही, पण निवेदनं अशीच येत राहिली तर तेही घालतील.

आणि सरसकट बंदी म्हणजे नेमकं काय, हे बघायचं असेल तर काश्मीरकडे बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथलं इंटरनेट बंद झालं. जानेवारी २०२० मध्ये परत आलं ते टूजी, आणि तेही सरकारने मान्य केलेल्या मोजक्या साइटपुरतं. फोरजी यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या काळात करोना आला, शाळा ऑनलाइन गेल्या, आणि तिथली मुलं टूजीवर धडा उघडायची वाट बघत बसली. आपल्याला हवा तसा, वाईट काही दिसूच न शकणारा पडदा त्यांना मिळाला होता. त्यावर चांगलंही काही दिसत नव्हतं, एवढीच काय ती उणीव.

आपण संस्कृतिप्रेमी आहात, म्हणून मराठीतलंच एक जुनं प्रकरण सांगतो. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कादंबरी १९६२ मध्ये ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली. पुण्यातल्या एका गृहस्थांनी अश्लीलतेचा खटला भरला. तरुण पोरं बिघडतील, ही चिंता तेव्हाही होतीच. खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलं, उच्च न्यायालयाने मात्र दोषी ठरवून दंड केला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना सोडलं. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: लैंगिक विषयाचा नुसता उल्लेखही पोरांना नको म्हणाल, तर त्यांना एकही कादंबरी वाचता येणार नाही, निव्वळ धार्मिक ग्रंथ वाचावे लागतील. तेव्हा भांडण एका दिवाळी अंकाचं होतं. आता आपण सगळ्या जगाचा मजकूर सातवीच्या इयत्तेत बसवायला निघाला आहात. मी सातवी पास होऊन बरीच वर्षं झाली. मला परत त्या वर्गात का बसवता?

‘परदेशात बघा’ हे आपलं पेटंट वाक्य. बघू. ब्रिटनमध्ये २०२३ चा ऑनलाइन सुरक्षा कायदा आहे. २५ जुलै २०२५ पासून प्रौढांच्या साइटवर वय सिद्ध करावं लागतं. त्यानंतर काही दिवसांतच डाउनलोडच्या यादीत व्हीपीएनची अ‍ॅप वर जाऊन बसली. कॅमेऱ्यात चेहरा बघून वय ठरवणाऱ्या यंत्राला काहींनी एका व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा दाखवला, आणि यंत्राने त्याला सज्ञान म्हणून आत सोडलं. दुसरीकडे, डिस्कॉर्ड या कंपनीनेच ऑक्टोबर २०२५ मध्ये कबूल केलं, की वयाच्या तपासणीसाठी लोकांनी दिलेल्या ओळखपत्रांचे फोटो बाहेरच्या एजन्सीकडून फुटले आणि सुमारे ७० हजार लोकांना त्याचा फटका बसला असू शकतो. म्हणजे जो लबाड तो आत, आणि जो सरळ त्याचं ओळखपत्र चव्हाट्यावर. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली आणि न ऐकणाऱ्या कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड ठेवला. आपल्याला त्यातला एकच तपशील आवडेल: आईबापांना दंड शून्य.

कंपन्यांना धरायला माझी ना नाही. एक संपला की दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू करणारे, रात्री अकराला ‘तुमच्या मित्राने काय टाकलंय बघा’ म्हणून हाक मारणारे लोक काही साधुसंत नाहीत. त्यांनी आपला माल कसा बनवावा, मुलांची माहिती कुणाला विकू नये, यावर कडक कायदा हवाच. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रं हा तर सरळ गुन्हा आहे. आयटी कायद्याचं ६७ब कलम त्यासाठीच आहे, तिथे पोलिसांनी दया दाखवू नये. आणि चार घरची धुणीभांडी करून रात्री नऊला खोलीवर पोचणारी बाई, जिच्या घरात सगळ्यांत मिळून एक फोन आहे, तिला मी हे पत्र लिहीत नाही. तिच्या लेकीसाठी शाळेत समुपदेशक, वस्तीत वाचनालय आणि खेळायला चार पावलं जागा मागायचं निवेदन काढा, मी पहिली सही करतो. आपली गोष्ट वेगळी. आपल्याला सवड आहे, शिक्षण आहे, दोन-दोन ब्रॉडबँड आहेत. आपल्याला फक्त मुलाशी बोलायचा कंटाळा आहे.

बोलायचं म्हणजे कशाबद्दल, हे आपल्याला बरोबर कळलं आहे. म्हणून तर घाम फुटला.

आपल्या महाराष्ट्रात त्या विषयावर बोलणारा एक माणूस होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत राहिले. कॉलेजची नोकरी गेली, पैसा कधी नव्हताच, तरी वाचकांच्या शरीराविषयीच्या शंकांना सरळ, शास्त्रीय उत्तरं देत राहिले. बक्षीस काय मिळालं? १९३१ मध्ये अश्लीलतेचा खटला आणि दंड. १९३४ मध्ये पुन्हा खटला, या वेळी चक्क वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरीही खटला हरले, दंड भरावा लागला. पुढे २००७ मध्ये शाळांत किशोरवयीन मुलांसाठी लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम येऊ घातला, तेव्हा संस्कृती धोक्यात आली आणि महाराष्ट्राने तो थांबवला.

हिशेब मांडा. कर्व्यांनी उत्तर दिलं, त्यांना दंड. मास्तर उत्तर देणार होते, त्यांना मनाई. आईला विचारलं तर ‘बाबांना विचार’, बाबांना विचारलं तर ‘अभ्यास कर’. मुलाचा प्रश्न मात्र वयाबरोबर येतोच, तो काही शासन निर्णयाची वाट बघत नाही. मग तो गूगलला विचारतो. गूगलला लाज नाही, वेळच वेळ आहे, आणि तो ‘अभ्यास कर’ म्हणत नाही. उत्तर देणारी सगळी शहाणी माणसं आपण आणि आपल्या आधीच्या बंदीबहाद्दरांनी गप्प केली. उरली ती पैसे घेऊन चुकीची उत्तरं देणारी. आता त्यांनाही गप्प करा म्हणता. बरं, केलं. प्रश्नाचं काय करायचं ठरलं आहे?

आणि हे बोलणं म्हणजे काही व्याख्यान नव्हे. आपल्या मुलाने एखाद दिवशी फोन पालथा ठेवला, तर ‘काय बघतोस रे गाढवा’ असं ओरडायच्या आधी शेजारी बसून ‘विचित्र काही आलं का समोर?’ एवढं विचारायचं. ‘आलं तर मला दाखव, मी चिडणार नाही,’ असं म्हणायचं आणि मग खरोखर चिडायचं नाही. यातला शेवटचा भाग अवघड आहे, मान्य. पण ज्या पोराला बापाच्या माराची भीती, तेच पोर कुणी अनोळखी फोटो मागून धमकावू लागला तर बापाकडे येत नाही. हा विश्वास कमावणं कुठल्याही बंदीला जमणार नाही. सरकारकडे कितीही मोठी यादी असली, तरी रात्री दहाला आपल्या मुलाचा चेहरा उतरला आहे हे त्या यादीत येत नाही.

यंत्राचीच मदत हवी असेल, तर तीही घरात आहे. अँड्रॉइड फोनवर गूगलचं फॅमिली लिंक फुकट मिळतं, आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आधीपासून बसवलेलं असतं. मुलाने किती वेळ काय पाहायचं, नवं अ‍ॅप घ्यायला कुणाची परवानगी लागेल, सगळं ठरवता येतं. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या रकान्यात १.१.१.३ असा क्लाउडफ्लेअरचा पत्ता टाकला, की घरच्या वाय-फायवर बहुतेक अश्लील साइट उघडायच्या थांबतात. मुलाने मोबाइल डेटा चालू केला तर हे फिल्टर गळतं, हे खरं. पण त्याच्या सिममध्ये दिवसाला दोन जीबीचा रिचार्ज कोण मारतं? दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. निवेदनाच्या झेरॉक्सला याहून जास्त वेळ गेला असेल. आणि यातली मजा अशी, की आपल्या घरचं फिल्टर आपल्याच घरात राहतं. त्याने पालघरची कुणी पोरगी आत जात नाही, काश्मीरचा कुणी विद्यार्थी टूजीवर येत नाही, आणि मीही माझी कादंबरी सुखाने वाचत राहतो.

सरकारी हुकुमाशिवाय पोरं सुधारत नाहीत असं वाटत असेल, तर सांगली जिल्ह्याकडे बघा. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. करोनाच्या ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातचा फोन सुटेना, म्हणून २०२२ च्या ऑगस्टमध्ये बायकांच्या ग्रामसभेत ठराव झाला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा आणि गावातले टीव्ही-मोबाइल बंद व्हायचे. मुलं वहीपुस्तक घेऊन बसायची. साडेआठला पुन्हा भोंगा, की मोकळीक. दिल्लीत कुणी यादी केली नाही, कुणाची साइट बंद पडली नाही, कुणाचं तोंड दाबलं गेलं नाही. ज्यांनी नियम केला त्यांनीच तो पाळायचा होता. आणि खरी मेख तिथेच आहे: भोंगा नुसत्या पोरांसाठी नव्हता. सातच्या ठोक्याला आईची मालिका आणि बापाचा फोन हेही बंद! हा ठराव आपल्या सोसायटीच्या सभेत मांडून बघा. ‘अहो, माझे ऑफिसचे मेसेज असतात’ म्हणणारा पहिला हात कुणाचा वर जाईल, हे मी कागदावर लिहून द्यायला तयार आहे.

असो. निराश होऊ नका, कारण सरकारने आपली हाक खरोखरच ऐकली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात असं म्हटलं आहे, की अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी कंपनीने पालकांची संमती घ्यायची, आणि ती खरोखर पालकांचीच आहे याची खातरजमा करायची. मुलांच्या मागावर राहून त्यांना जाहिराती दाखवायच्या नाहीत, हेही त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, कंपन्यांना दीड वर्षाची मुदत मिळाली. म्हणजे आपण पोर सरकारच्या ओटीत घातलंत, आणि सरकारने नमस्कार करून ते परत आपल्या मांडीवर ठेवलं. यापुढे चिरंजिवांना नवं अ‍ॅप हवं असेल, तर विचारणा आपल्याला होईल. वाचायचं आपण, ठरवायचं आपण, हो किंवा नाही म्हणायचं आपण.

मला चिंता आहे ती त्या क्षणाची. फोन वाजेल, पडद्यावर चार ओळींची सूचना येईल, खाली दोन बटणं असतील, आणि आपण चष्मा कपाळावर सरकवून आतल्या खोलीकडे तोंड करून हाक माराल, ‘अरे, हे काय आलंय बघ रे! ओटीपी मागतोय. दाबून टाक काय ते!’

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
ए विंगमधला एक बिनसहीचा शेजारी